तुडूम बंद होण्याआधी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे सरपंच बापूजी. सत्कारमूर्ती ओव्हरसियर वैशंपायन साहेब. त्यांच्या खुर्चीवर बसायला आजच आलेले खानझोडे साहेब. आणि शाळेच्या या खोलीत न मावल्यामुळे खिडक्यांत बसलेल्या माझ्या भाऊबहिणींनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलं आहे. पण मी या गावचा जुना मालगुजार. मालगुजारी गेली, तळं सरकारजमा झालं, बोलायची हौस तेवढी राहिली. ती तरी कोणी जमा करून घेऊ नये.

नव्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांचंही बरोबर आहे. समारंभ आटोपला की चार्ज द्यायचा, आणि चार्ज देताना तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद करून दोघांनी मिळून पाणी मोजायचं, असा कायदा आहे. एकदा ते बंद झालं की उघडायला चांद्याहून हुकूम आणा. आणि आमचं पाणी तर आत्ता कालव्यात आहे, खालच्या टोल्याकडे, जंगलाकडेच्या त्या वस्तीकडे, निघालं आहे. या साली पोळ्यानंतर पाऊस फिरकला नाही, नाल्याची धार आताच बारीक झाली, तळं निम्मंही भरलं नाही. सुकलेला कालवा आधी स्वतः पाणी पितो, मग पुढे सोडतो. टोल्यावरचं उशिरा पिकणारं भारी धान निसवायला लागलं आहे. हे शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरेल, नाही तर नुसता कोंडा. तेव्हा मी जरा सविस्तर बोलणार आहे.

वैशंपायन साहेब इथे आले तेव्हा त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "आपण पाणी कालव्याच्या शेपटाकडून, खालच्या टोकापासून, का देत होता?" मी म्हटलं, "साहेब, वरच्याची पाळी शेवटी असली की तो स्वतःच खालपर्यंत कालवा साफ ठेवतो, कुठे फुटू देत नाही." साहेब हसले. पुण्याकडचं हसणं, दात न दाखवता. आणि त्यांनी पाळी वरून सुरू केली, कारण नियम तसा होता. मग काय विचारता? आमच्या गावच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भरल्या, भरून वाहिल्या, आणि मालक घरी जाऊन झोपले. लटारूभाऊ, मान खाली कशाला घालता? मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. टोल्यावर मात्र पाणी पोचलंच नाही.

धान कापणीनंतर टोल्याने साहेबांना नवं खायला बोलावलं. नव्या धानाचा हा त्यांचा मोठा सण. साहेब इस्त्रीचे कपडे करून गेले. टोल्यावरच्या आमच्या दसरूची आई मंगलीबाई, तिने त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली, पाणी ठेवलं आणि समोर बसून राहिली. साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, भात?" ती म्हणाली, "तुमचं पाणी वरतीच राह्यलं साहेब, मंग भात कुठून येईन? पान आमच्या जंगलातलं हाये, तेवढं वाढलं."

साहेब जेवले नाहीत, पण उठलेही नाहीत. दिवस मावळेपर्यंत टोल्यावर बसून होते. पुढच्या साली पाळी शेपटाकडून सुरू झाली. वरून जाब आला, तर साहेबांनी कळवलं की कालव्याचा उतार पाहता हेच सोयीचं आहे. उतार कोणत्या बाजूला आहे हे बघायला इथवर कोण येणार? त्यावरूनच बदली झाली असं मी म्हणत नाही. बदल्या होतच असतात.

साहेब, तुमची मी फार थट्टा केली. तुमच्या छत्रीची केली, तुमच्या बिनतिखटाच्या वरणाची केली. तळं गेलं तेव्हा मी महिनाभर तळ्याच्या बांधाकडे फिरकलो नव्हतो, इतकं लागलं होतं. पण गेलं ते तुमच्या हाती गेलं, याचं मला पुढे समाधान वाटलं. हे आज बोलतो, कारण उद्या तुम्ही ऐकायला नसाल.

दाराशी दसरू आला वाटतं. असाच ये रे आत, चिखलाचं राहू दे. सांग, कुठी आलं पाणी?

ऐकलंत मंडळी? तो म्हणतो, "मोहाजवळ आलं दादाजी. आमच्या बांधीत शिरून राह्यलं. तिच्यातूनच खाली जाईन, खालच्या समद्या बाकी हायेत."

आता माझा घसाही बसला आणि विषयही सरले. खानझोडे साहेब उठून उभे राहिले आहेत. समजलो साहेब, थांबतो.

काय म्हणता?

मंडळी, उठू नका. नव्या साहेबांनाही बोलायचं आहे. ते म्हणतात, आपली आजवरच्या नोकरीची सगळी हकीकत सांगतो, अगदी भंडाऱ्यापासून. तेव्हा अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर पोटात घाला.

या साहेब. सावकाश बोला, काही गाळू नका.