तेलुगूतला कागद

सुपरवायझरनं सफरचंद आणले, तवाच मले शक आला, सांगते तुमाले. पार्सल पोचवताना इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर माह्या नवऱ्याचा पाय मोडला होता. एरवी फोन न उचलणारा त्यायचा सुपरवायझर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर.

"भाभी, छुट्टी की अर्जी है, साइन करवा दो."

कागद तेलुगूत होता. आमी तेलंगणात राहतो, पर घरी मराठी बोलतो, म्हून त्याले वाटलं असन, इले काय वाचता येते. माह्यी सारी शाळा तेलुगूत झाली. कागदात लिहेल होतं, 'अपघाताच्या दिवशी मी कामावर नव्हतो.'

मी वाचून दाखवलं, तं तो कागद वापस मांगाले लागला. मी पर्समधी टाकला.

"हे कामावर नव्हते, तं तुमी लिहून घ्याले काऊन आले?"

भरपाईच्या अर्जाले कामगार ऑफिसातल्या साहेबानं तोच बिनसहीचा कागद पुरावा म्हून पहिले लावला.