रेषेच्या वीतभर अलीकडे

हाडांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचं बोट यादीवर होतं, पण कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथं पाहुण्या संघाचा गोलकीपर खांदा धरून बसला होता आणि शेजारी त्याला घेऊन आलेला मैदानाचा म्हातारा माळी.

"मामा, पडलो आणि मला घेरीच आली. चेंडू आत गेला ना?"

"तुला का रे एवढी काळजी?"

"तुमच्या मालकाची माणसं काल आईला भेटून गेली. मालक पेनल्टी मारतील, पोरानं डावीकडेच झेपायचं, म्हणाली."

"नशेची पावडर विकून क्लब घेतला, पोट सावरत दहा नंबरची जर्सी चढवली, आता गोलही हवा होय!"

"गेला ना पण?"

"निघाला बाबा, रमतगमत. आणि रेषेच्या वीतभर अलीकडे बसला."

"मेलो!"

"अरे, मालक त्याला फुंकर मारायला वाकला आणि चड्डी उसवली! आधी एक आजी हसली, मग अख्खं मैदान. वॉरंट खिशात घेऊन महिनाभर घाबरत फिरणारे पोलीसही हसले, आणि दहा नंबरच्या जर्सीसकट त्याला गाडीत घातलं. त्याची माणसं ढुंगणाला पाय लावून पळाली."

"आणि आई?"

"तिचाच फोन आला होता. हसू आवरत नव्हतं माउलीला."

"पण मामा, चेंडू अडला कसा?"

"गवत कापायचं राहिलं."

"सगळं?"

"छे! पेनल्टीच्या ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं, तेवढंच."

बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि स्वतःची खुर्ची उचलून पंख्याखाली नेली.

"मामा, बाकावर कशाला? इथं बसा."