ठिपका माघारी फिरला

(सुलाबाई माण तालुक्यातल्या घराच्या उंबऱ्यावर. तिची मुलगी शिवांजली दक्षिणेच्या महासागरात, एकटीनं जगाला वळसा घालायच्या शर्यतीत. सॅटेलाइट फोनवर एकीचं बोलणं दुसरीपर्यंत जरा उशिरा पोचतं.)

सुलाबाई : ...म्हनलं, ठिपका माघारी फिरला! सकाळधरनं चारदा बघितला. तुजी वाकळ उनात टाकलीया. कवा पोचतीस?

शिवांजली : आये, मी घरी येत नाहीये.

सुलाबाई : आं? आगं, मोबाईलात दिसतंय की. समद्या होड्यांचे ठिपके म्होरं, तुजाच तेवढा मागं.

शिवांजली : मागं एक बाई अडकलीय, शर्यतीतलीच. डोलकाठी मोडली, होडीत पाणी शिरतंय. सगळ्यांत जवळ मीच.

सुलाबाई : जवळ म्हंजी?

शिवांजली : दीड दिवस लागेल.

सुलाबाई : ह्याला जवळ म्हंत्यात व्हय? आन् वारं?

शिवांजली : समोरनं आहे. थोडं.

सुलाबाई : खोटं बोलू नगं. लय हाय न्हवं?

शिवांजली : लय हाय.

सुलाबाई : मग दुसरं कुनी जाऊ दे. तुला काय झालं म्हंजी? हितं एकटीला घर खायाला उठतंय मला.

शिवांजली : इथं दुसरं कुणी नाहीच, आये. एक्याण्णव दिवसांत माणूस दिसलं नाही. काल शिडाशी भांडले, मोठमोठ्यानं. नुसतं बोलायचं म्हणून.

सुलाबाई : मी रांजनासंगं बोलती.

शिवांजली : आठवतंय? कुंभार्ली घाटात गुंडाकाकाची मेंढी मागं राहिली, व्यायला आलेली. आबा अख्खा कळप थांबवून माघारी गेले.

सुलाबाई : न आठवाया काय झालं! लय शिव्या घातल्या मी. परक्याच्या मेंढीपायी आपली लेकरं उनात.

शिवांजली : आणि त्या कोकराला पदराखाली घेऊन तूच चाललीस. चिपळूणपर्यंत.

सुलाबाई : ...त्या बाईला आई हाय?

शिवांजली : असेल की.

सुलाबाई : तिच्या बी मोबाईलात ठिपका आसंल. थांबलेला. जा बाई. जा तू.

शिवांजली : तिला घेतलं, पुढं जहाजावर सोपवलं की पुन्हा शर्यतीत. घरी यायला अजून तीन महिने लागतील.

सुलाबाई : व्हय. पर हितं घोटाळा झालाय. म्या तुज्या आबाला फोन केला, पोर माघारी फिरली म्हून. त्यो मेंढरं गुंडाच्या हवाली करून चिपळुनात एस्टीत बसला. दिवाळीपासनं मेंढरांमागं कोकणात हाय, घर बघितलं न्हाई त्यानं. रडत हुता गडी.

शिवांजली : अगं, मग सांग ना त्यांना! गुंडाकाकाला एकट्याला दोन कळप आवरतील का?

सुलाबाई : सांगती की.

शिवांजली : आत्ता लाव. मी ठेवते.

सुलाबाई : सांगती म्हनलं न्हवं? जरा त्याच्या एस्टीला उंब्रज वलांडू दे.

शिवांजली : उंब्रज कशाला?

सुलाबाई : तिथनं म्होरं मेंढरांपरास घर जवळ पडतंय.