धाकटीचा पाय

दवाखान्यात बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मागच्या बाकावर दोघी वयस्कर बहिणी बोलत होत्या.

“टाके किती पडले?”

“टाके नाहीत गं ताई. जांघेतून बारीक नळी घातली आणि पायाच्या नसेत साचलेला चुना आतल्या आत फोडला.”

“आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेब चालायला लागल्या.”

“तुझ्या वेळी हे निघालं नव्हतं गं.”

“माझ्या वेळी करवत होती. लहानपणी माझे जुने फ्रॉक तुला मिळायचे, म्हणून भोकाड पसरायचीस. आता नवं सगळं तुझ्याच वाट्याला.”

“असं काय बोलतेस?”

“पाय वर घे. ठेव माझ्या मांडीवर.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. गरम लागतोय की.”

“हो, आता गार पडत नाही.”

“माझा कापेपर्यंत गारच होता.”

“ताई, सोड ना आता.”

“थांब गं जरा.”