कोचाचं तोंड कुणीकडे?

लढाईमुळे भाईंदरच्या बाजारात रॉकेलची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढली होती. राई गावचा सॅम्युएल मास्तर डबा घेऊन उभा होता, आणि पुढच्या मायलेकींचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"मार्सेलिन, कोचाचं तोंड दाराकडंच बरं."

"मग पाठ आल्ताराकडं होते, आये. पाहुण्यांनी देवाला पाठ दाखवून बसायचं?"

"तर आल्ताराकडं तोंड कर."

"केलं होतं की! मग आजीला रस्ता दिसत न्हाय, नि कोण गेलं, कोण गेलं म्हणून ती मलाच पिडते."

"खोलीत आडवा घाल मग."

"काल घातला. रोजरीच्या प्रार्थनेला बाबा त्याच्यामागं गुडघ्यावर बसले. आमेन ऐकू आलं, बाबा काय दिसले न्हायत."

"तुझ्या बाबांचा साहेब विलायतेला गेला, नि हे धूड आपल्या गळ्यात मारून गेला! रविवारी तो मास्तर तुला बघायला येतोय, त्याला बसवायचं कुठं?"

"उजव्या कोपऱ्यात नको. तिथली स्प्रिंग टोचते."

"तिथंच बसवू! ती मुकाट सोसली, तर तुझ्या जिभेपुढंही टिकेल."

"नि ओरडला तर?"

"तर चहा पाजून वाटेला लावू."

सॅम्युएलला ठसका लागला. आईनं मागं वळून पाहिलं.

"कुठले तुम्ही?"

"राईचा."

"तिथं सॅम्युएल म्हणून एक मास्तर हाय. वळखता?"

"बऱ्यापैकी."

"स्वभावानं कसा हाय?"

सॅम्युएलनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"सोशिक आहे. पण रविवारी येताना उशी घेऊन येणार आहे."