वायफायच्या दारावरचे हेरंबराव

मंडळी, बुक्का लागला, हार गळ्यात पडला, चहा काही मिळाला नाही — असू द्या! आता आख्यानाकडे वळू. पण त्याआधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका, मनात ठेवा. दारावर माणूस कशाला बसवतात? लोकांना आत घ्यायला, की बाहेर ठेवायला?

हं! पहिल्या रांगेतले काका लगेच म्हणाले, ‘बाहेर ठेवायला.’ काका सोसायटीचे सेक्रेटरी दिसतात!

तर ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. यात राजा नाही, राक्षस नाही. हे आहे एका विद्यापीठातलं, आणि वायफायचं आहे. हसू नका! ‘बुवा, देवळात वायफाय?’ अहो, तुमच्या खिशात तो बसलेलाच आहे की. मघाशी मी नामाचा महिमा सांगत होतो, तेव्हा कुणाचा फोन वाजला? मी नाव घेत नाही. खांबाजवळ बसलेत.

या विद्यापीठात होते हेरंबराव काळसेकर. संगणक केंद्रात सव्वीस वर्षं नोकरी. माणूस कसा? — सज्जन! कुणाचा चहा घेतला नाही, कुणाची दिवाळी घेतली नाही. सकाळी अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय संगणकाचं बटण दाबायचे नाहीत. आणि त्यांच्याकडे काम काय? तर विद्यापीठाच्या वायफायवर कोणाचा फोन घ्यायचा, कोणाचा नाही, हे बघायचं.

कसं असतं ते सांगतो. प्रत्येक फोनला एक नंबर असतो. आपला बोलायचा नंबर नव्हे हो, यंत्राचा नंबर! बारा आकडे-अक्षरांचा. कारखान्यातून येतानाच घेऊन येतो, आपण जसे कपाळावर लिहून घेऊन येतो तसा. तो नंबर अर्जावर लिहायचा, विभागप्रमुखांची सही घ्यायची, अर्ज हेरंबरावांना द्यायचा. त्यांनी तो यादीत चढवला की फोन आत. यादीत नसला की बाहेर. मग तुम्ही सुवर्णपदक मिळवलेले असा, नाहीतर कुलगुरूंचे मेव्हणे असा!

आता मागल्या वर्षी काय झालं होतं — वसतिगृहाच्या पोरांनी बाहेरच्या लोकांचे फोन कर्मचाऱ्यांच्या नावावर खपवले. पकडले गेले. पोरं सुटली, आणि लेखी ठपका आला हेरंबरावांवर. सव्वीस वर्षांत पहिला! फार लागलं हो त्यांना. दुधानं तोंड पोळलं, मग माणूस ताकही फुंकून प्यायला लागतो. हेरंबराव तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

अशात एका सोमवारी सकाळी त्यांच्या खिडकीशी आल्या सगुणाबाई लोखंडे.

कोण सगुणाबाई? पदार्थविज्ञान विभागात झाडलोट करायच्या. कंत्राटावर. वय त्रेचाळीस. लग्नात शाळा सुटली होती ती लेकीच्या बरोबरीनं पुन्हा धरली. दहावी झाली, बारावी झाली, आणि आता घरी बसून शिकायचं असतं ना, तसल्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. टाळ्या नका वाजवू, पुढं ऐका. त्यांनी एक प्रकल्प लिहिला होता, आपल्या वस्तीतल्या जुन्या विहिरींवर. कोणी खणली, कोणाला पाणी भरू दिलं, कोणाला नाही, सगळं म्हाताऱ्यांना विचारून विचारून. त्याची तोंडी परीक्षा गुरुवारी अकरा वाजता होती. परीक्षक शहरात, सगुणाबाई इथं, मध्ये फोन. आणि वस्ती टेकडीच्या मागं, तिथं रेंज नाही!

“साहेब, एक घंटा पुरे. गुरुवारचा. नंतर काढून टाका माझं नाव.”

हेरंबरावांनी अर्ज पाहिला. विभागाच्या मॅडमनी सही केलेली, वर ‘शिफारस आहे’ असं लिहिलेलं. नंबर बारकाईनं, मोत्यासारख्या अक्षरात. नियमात बसत होतं. त्यांनी नंबर यादीत चढवला. “जोडा फोन.” फोन काही जोडेना. हेरंबरावांनी पडद्यावर बघितलं, तर दारावर थाप मारणाऱ्या फोनचा नंबर भलताच!

“बाई, नंबर चुकला तुमचा. नवा अर्ज, नवी सही. खाडाखोड चालत नाही.”

“साहेब, फोनमधूनच उतरवलाय की. लेकीनं दाखवलं कुठं बघायचं ते.”

“मग नीट उतरवा. आणि तोवर फोनमधलं आमचं वायफाय पुसून टाका, परत नव्यानं जोडा.”

मंडळी, इथं जरा थांबा. यातली गोम सांगतो. मला ती माझ्या भाच्यानं सांगितली, नाहीतर मला काय कळतंय! हल्लीचे फोन मोठे हुशार. परक्या ठिकाणी गेले की आपलं खरं नाव सांगत नाहीत. टोपणनाव सांगतात! पुसून नव्यानं जोडलं की कधी दुसरंच टोपणनाव. कुणी पाळत ठेवू नये म्हणून केलेली सोय आहे ती. एक बटण असतं, ते बंद केलं की फोन गुमान खरं बोलतो. अर्ध्या मिनिटाचं काम! सगुणाबाईंनी खरा नंबर लिहिला होता. टोपणनाव सांगत होता तो फोन.

मग हे हेरंबरावांना माहीत नव्हतं काय? — होतं! चांगलं माहीत होतं. त्यांनीच खिडकीबाहेर सूचना लावली होती. इंग्रजीत. बारीक टायपात. सूचना लावली की आपलं कर्तव्य संपलं, असं आपल्याकडे शास्त्रच आहे. दिवसाला पन्नास अर्ज, बहुतेक पोरं ती सूचना वाचूनच यायची. त्यामुळे खिडकीच्या आतून तोंडानं सांगायची सवयच राहिली नव्हती.

सगुणाबाई बुधवारी परत आल्या. मॅडम मंगळवारभर बाहेरगावी, म्हणून बुधवार. नवा अर्ज, नवी सही. या खेपेला त्यांनी काय केलं? सोमवारी खिडकीतून साहेबांच्या पडद्यावर जो नंबर दिसला होता तो टिपून ठेवला होता, तोच लिहिला. साहेबांचा पडदा खोटं कसं बोलेल! पण मधल्या वेळेत साहेबांच्याच सांगण्यावरून वायफाय पुसून झालं होतं. फोननं आता तिसरंच नाव सांगितलं.

हेरंबरावांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. एका बाईचे दोन नंबर, आणि फोन तिसराच. गेल्या वर्षीचा ठपका डोळ्यांपुढं आला, त्यापुढं टोपणनाव सुचतंय कुठलं!

“बाई, खरं सांगा. कोणाकोणाचे फोन आहेत हे?”

“माझाच आहे की साहेब. एकच आहे.”

“एका फोनला तीन नंबर? मला शिकवता? वसतिगृहातल्या कुणी पाठवलं तुम्हाला?”

“कुणी कशाला पाठवंल? माझी परीक्षा हाय उद्या. हे बघा पत्र.”

त्यांनी पत्र बघितलं नाही. मंडळी, तिथं चूक झाली. नियम पाळला याला मी चूक म्हणत नाही. दारावरच्या माणसानं नियम पाळायचाच. पण समोरची बाई कागद पुढं करते आहे, आणि हा माणूस आकडे बघतोय! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

“उद्या या. तपासून बघतो,” म्हणाले.

गुरुवारी सव्वादहाला सगुणाबाई खिडकीशी हजर. झाडून झालेलं, हातपाय धुतलेले, निळी इस्त्रीची साडी, पदर पिन करून. हातात प्रकल्पाची वही. हेरंबरावांनी काय तपासलं होतं? काही नाही! रात्रभर काळजी तेवढी केली होती. त्यांनी पेन उचललं आणि अर्जावर शेरा मारला. ‘दिलेली माहिती खोटी. अर्ज नामंजूर.’

सगुणाबाईंनी तो उलटा वाचला, खिडकीच्या बाहेरून. वाचता येत होतं ना आता!

“साहेब, नका जोडू. पण खोटी लिहू नका. चुकली लिहा. दुसरं काय बी लिहा.”

“पुढचे कोण?” हेरंबराव म्हणाले.

साडेदहा वाजले होते. सगुणाबाई तिथून निघाल्या आणि पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर चढल्या. तिथं थोडी रेंज येते असं कुणीतरी म्हणालं होतं. अकराला परीक्षक दिसले. “नाव सांगा,” म्हणाले. यांनी नाव सांगितलं. “विषय?” “आमच्या वस्तीतल्या विहिरी...” आणि चित्र थिजलं. मग आवाज गेला. मग सगळंच गेलं. वीस मिनिटं ती बाई फोन हातात धरून टेकाडावर इकडून तिकडं चालत होती. तिकडं कागदावर लागलं — गैरहजर.

तबलजी, ठेका नको. राहू द्या तसंच.

पुढल्या आठवड्यात कुलगुरूंनी नवा फोन घेतला. शिपाई धावत आला, हेरंबराव स्वतः वर गेले. नंबर यादीत चढवला. फोन जोडेना! पडद्यावर नंबर भलताच. कुलगुरूंच्या कपाळाला आठी. आणि आपले हेरंबराव हसून काय म्हणाले? “काही नाही सर, फोन टोपणनाव सांगतोय. नवे फोन असंच करतात. एक बटण बंद केलं की झालं.” फोन हातात घेतला, बोट बटणावर ठेवलं —

आणि बोट तिथंच राहिलं.

कळलं ना? त्यांनाही तिथंच कळलं. कुलगुरू म्हणाले, “काय झालं, काळसेकर?” हे म्हणाले, “काही नाही सर.” बटण दाबलं, फोन जोडला, आणि जिना उतरून खाली आले. साहेबाला ते वाक्य हसत हसत सांगितलं. बाईला तीन दिवसांत एकदाही सांगितलं नाही. साहेब खोटं बोलत असेल असं मनात तरी आलं का? का नाही आलं? — मला नका विचारू, स्वतःला विचारा!

पदरचीच एक ओळ म्हणतो, गोड मानून घ्या —

कुलूप हातात । किल्लीही हातात ।
उभा जो दारात । त्याचे काय ॥

हेरंबराव तडक पदार्थविज्ञान विभागात गेले. सगुणाबाई तिथं नव्हत्या. शेरा मारलेला अर्ज रीतीप्रमाणे कंत्राटदाराकडे गेला होता. ‘खोटी माहिती’ वाचून त्यानं त्यांना विभागाच्या इमारतीतून काढून दूरच्या वसतिगृहाच्या न्हाणीघरांवर टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी सापडल्या. व्हरांड्यात बादली घेऊन उभ्या. हेरंबरावांना बघून बाजूला सरकल्या, वाट दिली.

“बाई, परीक्षा?”

“गेली साहेब.”

“चूक माझी होती. तुमचा नंबर बरोबर होता. पहिल्यापासून.” त्यांनी हात पुढं केला. “फोन द्या. आत्ता जोडतो.”

वरातीमागून घोडं! पण सगुणाबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन दिला. हेरंबरावांनी बटण बंद केलं. केंद्रातल्या पोराला नंबर सांगून पुन्हा यादीत चढवायला लावला. वर कोपऱ्यात ती छोटी खूण उमटली. अर्धं मिनिट लागलं, मंडळी. घड्याळ लावून अर्धं मिनिट.

सगुणाबाईंनी त्या खुणेकडं बघितलं. रागावल्या नाहीत. राग काढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं —

“एवढंच होतं होय, साहेब?”

हेरंबराव खाली मान घालून ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी कंत्राटदाराला शेरा चुकल्याचं पत्र दिलं, स्वतःच्या हातानं, मराठीत, मोठ्या अक्षरात. उत्तर आलं, ‘नोंद घेतली.’ तोवर कंत्राट बदललं आणि जुन्या बायका गेल्या. मग पुढल्या खेपेला सगुणाबाईंनी परीक्षा दिली का? बघा, मागून एका ताईंनी विचारलंच! ताई, मला ठाऊक नाही. हेरंबरावांनाही ठाऊक नाही. वस्तीवर जाऊन आले, घराला कुलूप होतं. आता निवृत्त झालेत. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, ‘निष्कलंक सेवा!’ त्यांनी नारळ घेतला आणि घरची वाट धरली.

तुम्ही म्हणाल, ‘बुवा, आमच्याकडे कुठलं वायफायचं दार?’ अहो, घरात सून परगावाहून आली, तिला तुमच्या घरची रीत तोंडानं सांगितलीत, की चुकेपर्यंत वाट बघितलीत? बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात बसता ना कुणी कुणी? खिडकीबाहेरचा माणूस चुकतो तेव्हा त्याला ‘लबाड’ म्हणायला आपल्याला एक क्षण पुरतो. ‘असं करा’ म्हणायला मात्र वेळ नसतो! देव काही फार मागत नाही. अर्धं मिनिट मागतो. तेही बहुधा परक्या माणसाच्या तोंडून मागतो, म्हणून आपल्याला ओळखू येत नाही.

आता आरती. पण लगेच उठू नका. डोळे मिटा. ज्याचं काम आपल्या अर्ध्या मिनिटाचं होतं आणि आपण केलं नाही, असा एक माणूस आठवा. आठवला की मगच उठा.

...तबलजी उठले. पेटीवाले उठले. काका, तुम्हीसुद्धा? शाबास. या, तबक घ्या.

मी? मला तिघं आठवले. दोघांची नावं आली. तिसऱ्याचा चेहरा समोर आहे, नाव काही येत नाही. येणार कुठून! मी विचारलंच नव्हतं. तुम्ही करा सुरू, मी जरा बसतो.