बिनसहीची शिकायत

मंडळी, मागे खुर्च्या आहेत, उभं राहू नका. सुधाकरराव, तुमच्याकडे बघून बोलायला मला जमणार नाही. कुंदाताईंच्या फोटोकडे बघूनही नाही. मी आपला समोर बसलेल्या मुलींकडे बघून बोलतो. तुम्ही समजून घ्याल.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बाकीच्यांना दहा दिली. मला पाचच का, ही शंका मला मघाशी खुर्चीत बसल्या बसल्याच आली. असा मी माणूस. मी गजानन सबनीस, माधवनगरला राहतो, कलेक्टर कचेरीत पस्तीस वर्षं मसुदे लिहिले. आलेला प्रत्येक कागद आधी खोटा समजायचा आणि मग वाचायचा, ही माझी नोकरी होती. नोकरी संपली, सवय नाही संपली. राज्य समितीकडून आज एवढा मोठा हार आला आहे, तो बघून तुम्हाला गहिवरून आलं असेल. मला वाटलं, एवढा मोठा हार कशाला? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

पण आज मी हारावर बोलायला आलो नाही. आपल्या सगळ्यांच्या मनात एक प्रश्न आहे आणि तो कुणी बोलत नाही. परवा दहाव्याला रामघाटावरसुद्धा मी बघितलं. लोक कुजबुजत होते, आणि शाळेतले आपले दिघे सर पायरीवर एकटे उभे होते. त्यांच्याशी कुणी बोललं नाही. आजही बघा, ते मागे पाण्याच्या टाकीजवळ बसले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. कुंदाताईंविरुद्ध ती गुमनाम शिकायत, ती निनावी तक्रार, कुणी केली, हा तो प्रश्न. मी त्याचं उत्तर द्यायला उभा आहे.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी थोडं सांगतो. कुंदाताई मुळे म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई, आपल्या सुधाकररावांच्या पत्नी. रिटायर व्हायच्या आधीच त्यांनी मुलींची चिअरलीडिंगची टीम उभी केली. सुरुवातीला आपल्याच लोकांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. क्रिकेटच्या मॅचमध्ये नाचतात तेच ना हे, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "काका, एकदा हॉलवर या, मग बोला." मी गेलो. तिथे चार मुली खांदे देऊन उभ्या, त्यांच्यावर दोन, आणि सगळ्यात वर एक चिमुरडी, हात पसरून हसते आहे. पुढच्याच महिन्यात माझी नात मिहिका त्या टीममध्ये होती. आणि वर्षभरात सगळ्यात वर चढणारी तीच होती. नऊ वर्षांची.

मग तुम्हाला माहीत आहे काय झालं. नियम बदलले. आधी एका टीममध्ये आठ वर्षांच्या मुलीपासून अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळ्या चालायच्या. आपली टीम त्याच्यावरच उभी होती. मोठ्या मुली खाली, छोट्या वर. नवीन नियमात वयोगट वेगळे झाले. छोट्यांचा गट वेगळा, मोठ्यांचा वेगळा. शिवाय छोट्यांना वरची लेव्हल बंद. कंबरेच्या वर उचलायचं नाही, फेकायचं तर नाहीच. मोठ्या शहरांना काय, त्यांच्याकडे प्रत्येक वयाच्या पन्नास मुली. आपल्याकडे मोजून सतरा. त्यांचे दोन तुकडे केले आणि दोन्हीकडे टीम पुरी होईना. त्या वर्षी उज्जैनचं नाव स्पर्धेच्या यादीत नव्हतं.

आणि नियम ठरवणाऱ्या राज्य समितीत उज्जैनच्या एकट्या कुंदाताई होत्या. त्यांनी बदलाच्या बाजूने सही केली होती.

दिघे सरांनी आपल्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आवाज चढवला. "ताई, आपल्याच मुलींना घरी बसवलंत." तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी माना डोलावल्या? मीही डोलावली. दिघे सर बोलून मोकळे झाले. मी बोललो नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस स्वतःच्या पायावर असा धोंडा कशाला पाडून घेईल? नक्कीच काहीतरी मिळालं असणार. मोठ्या क्लबात जागा, समितीत वरचं पद. काहीतरी. मी तीन दिवस विचार केला आणि मला खात्री पटली. पुरावा? पुरावा काही नव्हता. खात्री मात्र पक्की होती.

महिनाभराने समितीकडे एक शिकायत पोचली. खाली सही नाही. त्यात लिहिलं होतं की कुंदा मुळे यांनी दुसऱ्या शहराच्या फायद्यासाठी उज्जैनची टीम मोडली, आणि बदल्यात त्यांना पद कबूल झालं आहे. जांच बसली, चौकशी सुरू झाली. जांच पूर्ण होईपर्यंत त्यांना हॉलवर शिकवायची मनाई झाली. आणि आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे दिघे सरांचं काम.

मंडळी, ती शिकायत मी लिहिली.

थांबा. बोलू द्या मला. सुधाकरराव, बसा, मी हात जोडतो, पूर्ण ऐका आणि मग उठा. मी लिहिली. शहराच्या दुसऱ्या टोकाला टाइप करून घेतली आणि तिथल्याच पोस्टात टाकली, माधवनगरच्या पोस्टात ओळखीचे लोक आहेत म्हणून. इतका मी हुशार.

आता पुढचं ऐका. आठ दिवसांनी सकाळी कुंदाताई माझ्याकडे आल्या. हातात त्या शिकायतीची झेरॉक्स. मला वाटलं, कळलं यांना. पण त्या म्हणाल्या, "काका, समितीने लेखी जवाब मागितला आहे. सरकारी हिंदी मला लिहिता येत नाही. तुमच्यासारखा मसुदा इथे कुणाचा नाही. तुम्ही लिहून द्याल का?"

काय करायला हवं होतं मी? तिथेच सांगायला हवं होतं. मी चष्मा लावला आणि माझीच शिकायत पहिल्यांदा वाचत असल्यासारखी वाचली. कुंदाताई समोर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याने कुणी लिहिलंय, त्याची हिंदी फार चांगली आहे हो." मी म्हणालो, हो, बरी आहे. माझ्या बायकोने पोहे आणून ठेवले. त्यांनी खाल्ले. माझी बशी तशीच राहिली.

जवाब लिहायचा तर विचारणं भाग होतं. मी विचारलं, ताई, तुम्ही सही का केलीत? त्या म्हणाल्या, "काका, मिहिका वर चढायच्या आधी उलटी करते, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं.

"दर वेळी. बाथरूममध्ये जाते, तोंड धुते आणि हसत बाहेर येते. मी तिला म्हटलं, नको चढूस. तर म्हणते, दीदी लोग नाराज हो जाएँगी। खालच्या मुली सोळा-सतराच्या. नऊ वर्षांच्या पोरीला त्यांना नाही म्हणता येत नाही हो. मलाही म्हणता येत नव्हतं. मी तिला खाली घेतलं असतं तर दुसरी छोटी वर गेली असती. आणि प्रत्येक गावात अशी एक मिहिका असणार. म्हणून मी सही केली. टीम मोडणार हे मला माहीत होतं."

मी म्हणालो, हेच लिहू या, दुसरं काही नको. त्या म्हणाल्या, "नाही. पोरीचं नाव कागदावर नको. उद्या शाळेत तिला चिडवतील. तुम्ही नुसतं लिहा की मुलांच्या सुरक्षेसाठी."

मी तसंच लिहिलं. एका ओळीचा जवाब. असला पोकळ जवाब माझ्या टेबलावर आला असता तर मी स्वतः फेटाळला असता. त्यांनी वाचला, सही केली, मला नमस्कार केला आणि गेल्या. दारात वळून म्हणाल्या, "मिहिकाला रागावू नका."

त्या संध्याकाळी मी मिहिकाला विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग रडली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही सगळ्यांना फोटो दाखवत होता ना." खरंच दाखवत होतो. दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना. दूधवाल्याचं माप मी तीस वर्षं रोज तपासलं, आणि घरातली पोर भीतीने ओकत होती ते मला दिसलं नाही. हे आज इथे सांगू का, असं मी तिला सकाळी विचारलं. ती म्हणाली, सांगा. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे सगळे वळून बघू नका, कृपा करा.

त्यानंतर चार महिने कुंदाताई हॉलवर गेल्या नाहीत. संध्याकाळी हॉलच्या समोरच्या रस्त्याने एक फेरी मारायच्या, आतला शिट्टीचा आवाज ऐकायच्या आणि परत जायच्या. मी दोनदा बघितलं आणि दोन्ही वेळा रस्ता बदलला. रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगतो. मग एका सकाळी सुधाकररावांचा फोन आला, ताई गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. त्यात माझ्या कागदाचा वाटा किती, हे डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नाही. सुधाकरराव, तुम्हाला तो वाटा जितका वाटत असेल, तितका मला कबूल आहे.

त्यांना कळलं होतं का? मला सारखं वाटतं, कळलं होतं. अख्ख्या उज्जैनात माझा मसुदा ओळखणारे लोक आहेत, मग त्या कशा नाही ओळखणार? आणि ओळखून माझ्याच दारात जवाब लिहून घ्यायला आल्या असतील, तर का आल्या? मला सांगायची संधी द्यायला? की खरंच त्यांना संशय घेताच येत नव्हता? मी रोज हा हिशेब लावतो आणि तो सुटत नाही.

समितीचं पत्र तुम्ही पाहिलं असेल. संबंधित व्यक्तीच्या निधनामुळे प्रकरण बंद. बंद म्हणजे निर्दोष नव्हे. हे मी पस्तीस वर्षं लिहिलेलं वाक्य आहे, त्याचा अर्थ मला विचारा. उद्या कुणी फाइल उघडली तर त्यात कुंदाताईंवरचा आरोप तसाच बसलेला असेल आणि खाली एका ओळीचा जवाब. म्हणून उद्या सकाळच्या बसने मी भोपाळला, समितीच्या कचेरीत चाललो आहे. ती शिकायत खोटी होती, पुराव्याशिवाय केली होती आणि मी केली होती, हे लिहून देणार. मुलींनो, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. पण नवीन गटात छोट्यांची टीम पुन्हा जमवा. कमी उंचीवर, खालच्या लेव्हलला, पण जमवा. दिघे सर शिकवायला तयार आहेत. मी त्यांना काल विचारलं. शिकायत माझी आहे हे माहीत नसताना ते हो म्हणाले. आता माहीत झाल्यावर काय म्हणतील, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

दिघे सर, पुढे या. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची घ्या. मी तिथे मागे उभा राहतो.

आता सगळ्यांनी उठून दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. त्याआधी एकच वाक्य, आणि हे मी फोटोकडे बघून म्हणतो, जमलं नाही तरी.

कुंदाताई, त्या कागदाखाली सही राहिली होती. अर्जदार, गजानन सबनीस, माधवनगर, उज्जैन.